बिनपायांचा पाहुणा

नार्व्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र लांबलचक आहे. त्यातील घरगुती मजकूर वगळून प्रश्न तेवढा येथे देतो. त्यांच्या माहेरची काजूची बाग सत्तरी तालुक्यात आहे. फाल्गुन-चैत्रात बोंडू वेचावयास गेलेल्यांपैकी कोणाला ना कोणाला गोचीड डसते, आणि मग साधी कणकण आली तरी घरातील सर्वांच्या पोटात गोळा उठतो. कारण त्या बाजूला माकडतापाने माणसे दगावलेली आहेत. भगिनी विचारतात, "गोचीड चावते पायाच्या घोट्याला. विषाणूला ना पाय, ना पंख, ना डोळे. तो अंगात गेला हे समजले. पण पेशीच्या आत कसा जातो? दार उघडतो, की भोक पाडतो? आणि तेथेच त्याला अडवता येणार नाही काय?"

प्रश्न विचारण्याची ही रीत मला फार आवडली. विषाणू 'शिरतो' असे आपण सारेच म्हणतो. पण शिरावयाला जोर लागतो, आणि तो जोर येतो कोठून, हे सहसा कोणी विचारीत नाही.

इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांसाठी एवढे सांगावयास हवे की, नार्वे हे गोमंतकातील डिचोली तालुक्यातले मांडवीकाठचे गाव. श्रीसप्तकोटेश्वराच्या ज्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करविला, ते देऊळ येथलेच. समोर दिवाडी बेट, मधे नदी. डिचोलीच्या एका अंगाला सत्तरी आणि दुसऱ्या अंगाला सिंधुदुर्गातील दोडामार्ग. म्हणजे ज्या दोन मुलुखांत गेल्या दशकात माकडताप पोचला, त्यांच्या ऐन शेजारी हे गाव आहे.

या रोगाचा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ साली, कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात. क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली, मागोमाग माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा माग काढला आणि जंगलाचेच नाव रोगाला मिळाले : क्यासनूर जंगल रोग. कित्येक वर्षे तो शिमोगा आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतच घुटमळत राहिला. नंतर मात्र २०१२ नंतरच्या काही वर्षांत तो सह्याद्रीच्या रांगेने दोन्ही दिशांना दिसू लागला. २०१५ मध्ये सत्तरीतील पाली या गावी आढळला, २०१६ मध्ये दोडामार्गात. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना होणाऱ्या या संसर्गावर गोव्यातील एक स्वतंत्र अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. बोंडू झाडावरून गळून पाचोळ्यात पडतो, तो वाकून वेचावा लागतो. आणि तिळाएवढी, कधी खसखशीच्या दाण्याएवढी गोचिडीची पिल्ले त्याच पाचोळ्यात कोणाच्या तरी उबदार अंगाची वाट पाहत असतात. लागण झालेल्या दर शंभरांत तीन ते पाच माणसे दगावतात, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. प्रश्न त्यामुळे केवळ कुतूहलाचा नाही.

आता विषाणूकडे वळू. हा गोल आहे. व्यास सुमारे ५० नॅनोमीटर. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे वीस हजार विषाणू ओळीने बसतील. बाहेरून प्रथिनांचे कवच, त्याखाली मेदाचे पातळ पापुद्र्यासारखे आवरण, आणि आत आपल्या पुढच्या प्रजेचा आराखडा लिहिलेली एक गुंडाळलेली दोरी. एवढाच सारा संसार. अन्न पचवण्याची सोय नाही, इंधन नाही, हालचालीचे साधन नाही. पेशीबाहेर असताना तो जिवंत म्हणावा की नाही, याबद्दलच विद्वानांत मतभेद आहेत. असे असून आपण त्याच्याविषयी बोलतो ते मात्र 'हल्ला', 'चढाई', 'शिरकाव', 'गनिमी कावा' अशा शब्दांत. वर्तमानपत्रांना ही लढाईची भाषा प्रिय आहे. माझ्या मते तिने समज वाढण्यापेक्षा घोटाळाच अधिक होतो. कारण ज्याला स्नायूच नाही त्याला आपण पैलवान ठरवून बसतो, आणि मग खरा जोर लावणारा कोण, तिकडे आपले लक्षच जात नाही.

प्रथम प्रवासाचे पाहू. पाण्यातील रेणू उष्णतेमुळे क्षणभरही स्वस्थ नसतात. त्यांची ढकलाढकली अखंड चालू असते. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागांतील कण सूक्ष्मदर्शकाखाली उगाचच थरथरताना पाहिले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्या थरथरीचा हिशेब मांडून दाखवला. तोच हिशेब आपल्या विषाणूला लावला तर मोठी मौज दिसते. पेशीच्या रुंदीएवढे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे अंतर तो धक्के खात खात एक-दोन सेकंदांत तोडतो. पण एक सेंटिमीटर जावयाचे म्हटले तर त्याच रीतीने त्याला सुमारे पंधरा दिवस लागतील! दारूच्या नशेत झोकांड्या खाणारा माणूस अंगणातल्या अंगणात सगळीकडे फिरतो, पण शेजारच्या गावी काही पोचत नाही. तशातला हा प्रकार. मग घोट्याचा विषाणू सर्वांगात जातो कसा? त्याला नेले जाते. गोचिडीच्या लाळेतून तो कातडीत उतरतो. माकडतापाच्या विषाणूचे जे युरोपीय भाईबंद आहेत, त्यांच्याबाबत असे दिसून आले आहे की, कातडीतील पहारेकरी पेशीच त्याला उचलून जवळच्या रसग्रंथीपर्यंत पोचवतात. तेथून पुढे रक्ताचा ओघ आहेच, आणि त्या ओघामागे हृदयाचा जोर आहे. प्रवासाचे सारे भाडे असे यजमानाने भरलेले असते.

पेशीपाशी पोचल्यावर पहिली गाठ पडते ती विजेच्या ओढीने. पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या शेवाळासारख्या लोंबत असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. विषाणूच्या कवचावर ठिकठिकाणी धनभाराचे पट्टे असतात. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, हे शाळेत शिकलेलेच आहे. मात्र शरीरातील पाणी खारट. त्यातील क्षार या भारांना चहूकडून वेढून बसतात, आणि ही ओढ एका नॅनोमीटरच्या आतच विरून जाते. म्हणजे दुरून लोहचुंबकासारखे खेचून घेणे येथे नाही. योगायोगाने अंगाला अंग घासले, तरच पकड बसावयाची.

अशी एक पकड अगदीच नाजूक असते. ती किती नाजूक, हे सांगण्यासाठी एक माप ठरवून घेऊ. रेणूंच्या त्या ढकलाढकलीतील सरासरी ऊर्जेला आपण 'एक हिसका' म्हणू. पकड पाच-दहा हिसक्यांची असेल तर ती आज ना उद्या सुटणारच. पण पावसाळ्यानंतर माळावरून चालत आलात, तर धोतराच्या काठाला आघाडा चिकटलेला दिसतो. त्यातले एक कुसळ ओढले तर सहज निघते. पन्नास चिकटली की मात्र संध्याकाळ ती उपटण्यात जाते, आणि एक काढीपर्यंत दुसरे पुन्हा चिकटते. विषाणूचे नेमके असेच आहे. कवचावर एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या १८० प्रती असतात. एक पकड ढिली होते तोवर शेजारच्या दोन बसलेल्या असतात. दुबळ्या हातांची संख्या वाढली की त्यांची मिळून पकड घट्ट होते.

काही विषाणूंच्या बाबतीत याहून चमत्कारिक गोष्ट आढळली आहे. कोणतीही पकड ओढली की लवकर सुटावी, हे सरळ. परंतु करोना विषाणूचा काटा आणि आपल्या पेशीवरील त्याचा ग्राहक रेणू यांची जोडी ताण दिल्यावर अधिक वेळ टिकते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले. सरकगाठीची दोरी जितकी ओढावी तितकी आवळते, तसे काहीसे. हे ताण तरी किती मोठे? पाच ग्रॅमच्या एका काजूबीच्या वजनाचे पाच हजार कोटी भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक पिकोन्यूटन. आणि येथील सारा व्यवहार असल्या दहा-वीस भागांत चालतो. तेवढा जोर तपासून पाहणारी उपकरणे गेल्या तीस-चाळीस वर्षांत सिद्ध झाली, म्हणून तर हे सारे आपण आज बोलू शकतो.

आता विषाणू पेशीच्या भिंतीला घट्ट चिकटला आहे. भिंत हा शब्दही तितकासा बरोबर नाही. पेशीचे पटल म्हणजे मेदरेणूंचा दुपदरी, तेलकट, लवचीक पापुद्रा. त्याला भोक पाडावयाचे नाही; ते पडले तर पेशीच मरेल आणि विषाणूचा हेतू—पहा, मीही 'हेतू' म्हणून गेलो, इतकी ही सवय हाडीमाशी खिळलेली आहे! पटलाने त्या गोलाभोवती वाकून त्याला सगळीकडून लपेटून घ्यावयाचे असते. गृहिणींना हे चित्र परिचयाचे आहे. उकडीच्या मोदकाची पारी हातावर घेऊन मधे सारण ठेवतात, कडा वर उचलतात, मुख हळूहळू अरुंद होत जाते आणि शेवटी चिमटीने ते बंद केले जाते. पटलाचा मोदक असाच वळला जातो, फक्त आतल्या बाजूला.

पारी वळावयाला बोटे लागतात. पटलाला सपाट राहणे आवडते; त्याचा पूर्ण गोल करावयाचा तर सुमारे पाचशे हिसक्यांची ऊर्जा खर्ची पडते. गंमत अशी की, गोल लहान असो वा मोठा, हा वाकवण्याचा खर्च जवळजवळ तेवढाच येतो; लहान गोलात पटल थोडे लागते, पण ते अधिक तीव्र वाकवावे लागते. एका पकडीतून दहा हिसके मिळतात असे धरले, तर पन्नास पकडी एकाच वेळी बसल्या पाहिजेत. चिकटण्याच्या जोरावरच पटल वाकवून घेणारे विषाणूही आहेत. पण माकडतापाच्या कुळातील विषाणूंना बहुधा यजमानाची बोटे मिळतात. पेशीच्या आत क्लॅथ्रिन नावाचे तीन पायांचे प्रथिन असते. त्याचे रेणू पायात पाय अडकवून पटलाच्या आतून रोवळीसारखी जाळी विणतात आणि विणता विणता पटलाला वाटीचा आकार देतात. वाटीचा गळा अरुंद झाला की डायनामिन नावाचे दुसरे प्रथिन त्या गळ्याभोवती वेढे घालून तो आवळते आणि तोडते. मिनिटभराच्या आत काम संपते. विषाणू पेशीत आला. पण एका पिशवीत बंद होऊन.

पेशी हा उपद्व्याप करतेच कशाला? कारण तिचे जेवण याच वाटेने येते. रक्तातील कोलेस्टेरॉलचे कण, लोह वाहून नेणारे प्रथिन, ही सारी आवश्यक सामग्री ती अशाच वाट्यांतून आत घेते. ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या दोघांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते कोलेस्टेरॉलच्या या वाटेचा उलगडा केल्याबद्दल. तेव्हा भगिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे की, विषाणू दार उघडीतही नाही आणि भोकही पाडीत नाही. घरची अन्नपूर्णाच त्याला धान्य समजून सुपात घेते. एन्फ्लुएंझाच्या विषाणूबाबत तर २०२५ मध्ये स्वित्झर्लंड आणि जपानमधील संशोधकांनी प्रत्यक्ष चित्रण करून दाखवले की, विषाणू निसटू लागला म्हणजे पेशीचे पटलच उंचावून त्याला पकडू पाहते. असे हे दार बंद करावे, तर पेशी उपाशी मरावयाची.

येथवर आलेला विषाणू अजून कैदेतच आहे. त्याच्याभोवती पिशवीची भिंत आहे, आणि पेशीने या पिशव्या कशासाठी ठेवल्या आहेत? तर पचनासाठी. पिशवी आत सरकू लागते तसतसे तिच्या भिंतीतील पंप आत आम्ल भरू लागतात. थोड्याच वेळात आतील आम्लता बाहेरच्यापेक्षा सुमारे पंचवीसपट होते. कोणत्याही घासाचा येथे निकाल लागावयाचा. पण विषाणूच्या कवचाची रचना अशी आहे की, तिला नेमका हाच आंबटपणा हवा असतो.

ही रचना समजली तीही याच कुळातील एका भावंडावरून. गोचिडीपासूनच होणाऱ्या युरोपातील मेंदूज्वराच्या विषाणूचे कवच-प्रथिन कसे घडले आहे, ते १९९५ साली फेलिक्स रे, स्टीफन हॅरिसन, फ्रान्झ हाइन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडले. कवचावर ही प्रथिने दोन-दोनच्या जोड्यांनी आडवी, कौलांसारखी पसरलेली असतात. प्रत्येकाच्या एका टोकाला तेलकट रेणूंचे एक बारीक बोट असते, आणि ते जोडीदाराच्या अंगाखाली दडवलेले असते. आम्ल लागले की कवचाच्या काही भागांवर नवा धनभार चढतो, जोडीदार एकमेकांना दूर लोटतात, जोड्या फुटतात. मग तीन-तीन प्रथिने एकत्र येऊन ताठ उभी राहतात, त्यांची तेलकट बोटे वर येऊन पिशवीच्या पटलात रुततात. आणि नंतर ती सारी रचना मधोमध घडी घालून स्वतःवर उलटते. एक टोक पिशवीच्या पटलात, दुसरे विषाणूच्या आवरणात; घडी मिटली की दोन्ही पटले एकमेकांकडे ओढली जावयाचीच. उंदराच्या सापळ्याची दांडी जशी ताणून अडकवून ठेवलेली असते आणि खिट्टी निघताच सपकन् मिटते, तसा हा प्रकार. आणि आम्ल म्हणजे ती खिट्टी.

या सापळ्याची दांडी ताणली कोणी, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ती ताणली होती आधीच्या यजमान पेशीने. तेथे विषाणू घडत असताना प्रथिनाच्या डोक्यावर एक रक्षक तुकडा बसवलेला असतो, म्हणजे खिट्टी अवेळी सुटू नये. त्या पेशीतीलच एक कात्रीसारखे प्रथिन तो तुकडा कापते आणि विषाणू सज्ज होऊन बाहेर पडतो. म्हणजे ताण एका यजमानाचा आणि खिट्टी काढणारे आम्ल दुसऱ्या यजमानाचे. गोचिडीत, माकडात, किंवा घुशी-उंदरांत कोणा एका पेशीने खर्च केलेली ऊर्जा काजू वेचणाऱ्या बाईच्या पेशीत येऊन मोकळी होते. विषाणूने मधल्या मधे ती नुसती वाहून आणली.

मला स्वतःला या साऱ्या कथेतील सर्वांत मोठा अडथळा वाटतो तो त्यापुढचा, आणि तो आहे पाण्याचा. दोन्ही पटलांना पाणी घट्ट धरून असते. ती दोन-तीन नॅनोमीटरच्या आत आली की मधल्या पाण्याचा थर हटेना होतो. नार्व्याच्या धक्क्यावर जे उभे राहिले असतील त्यांना फेरीबोट लागताना आठवत असेल. दिवाडीहून बोट नदी ओलांडून येते त्यात विशेष काही नाही. पण शेवटच्या दोन हातांत तांडेलाला सारे कसब लावावे लागते, आणि पुढची फळी धक्क्याला टेकल्यानंतरही माणसे-गाड्या उतरेपर्यंत यंत्राचा जोर चालूच ठेवावा लागतो. नाही तर बोट मागे सरलीच. विषाणूच्या शेवटच्या दोन हातांचा खर्च काही डझन हिसक्यांचा असतो, आणि एकट्या घडीच्या बळावर तो निघत नाही. शेजारच्या दोन-तीन त्रिकुटांनी एकदम ओढावे लागते. मग प्रथम दोन पटलांचे समोरासमोरचे पदर एक होतात, नंतर उरलेले पदर, आणि मधे एक छिद्र उघडते. त्या छिद्रातून आराखड्याची दोरी पेशीच्या गाभ्यात उतरते. हे सारे आम्ल लागल्यापासून काही सेकंदांत.

सर्वच विषाणू असे परस्वाधीन नसतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जीवाणूंना ग्रासणारे जे जीवाणुभक्षी विषाणू आहेत, त्यांच्यातील काहींनी आपली दोरी कवचात इतकी दाबून कोंबलेली असते की आतील दाब वातावरणाच्या पन्नास-साठपट भरतो. मोटारीच्या चाकात तो दोन-अडीचपट असतो, यावरून कल्पना करावी. जीवाणूला चिकटून बूच निघाले की दोरी, निदान प्रथम तरी, त्या दाबाने पिचकारीसारखी आत जाते. अर्थात कोंबण्याचा खर्च येथेही मागल्या यजमानाच्याच खाती पडलेला असतो. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असे हँकिन यांनी १८९६ साली नोंदवले, त्यामागे बहुधा हेच जीवाणुभक्षी होते. पण तो विषय मोठा आहे. पुन्हा केव्हा तरी.

आता उरलेला अर्धा प्रश्न : तेथेच अडवता येणार नाही काय?

काही ठिकाणी येते. एड्सच्या विषाणूचा सापळा मिटण्यापूर्वीच घडीच्या मधे पाचर मारणारे एन्फुव्हिर्टाइड नावाचे औषध २००३ पासून वापरात आहे. सापळ्याची दांडी सुटली, पण मिटू शकत नाही. विषाणू तसाच लटकून राहतो. आपल्या शरीरातील प्रतिपिंडांपैकी काही हेच करतात. कवचावरच्या जोड्यांवर आडवे बसून त्यांना फुटूच देत नाहीत. चांगल्या लशीने असे प्रतिपिंड निर्माण करावेत, ही अपेक्षा. माकडतापाची जी लस कर्नाटकात १९९० पासून देत असत, ती फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची होती. तिचा गुण पुरेसा राहिला नाही म्हणून २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली, आणि नव्या लशीचे काम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हाती घेतले आहे. या तापावर नेमके लागू पडणारे औषध मात्र नाही. रुग्णाचे पाणी, रक्तदाब, रक्तस्राव सांभाळणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

आम्लच नसेल तर खिट्टी निघणार नाही, मग पिशवीतील आम्ल मारणारी गोळी का देऊ नये? हा विचार सुचणे स्वाभाविक आहे, आणि २०२० मध्ये साऱ्या जगाने तो करून पाहिला. हिवतापावरील क्लोरोक्विनच्या जातीची औषधे पिशवीतील आंबटपणा कमी करतात. प्रयोगशाळेतील बशीत त्यांनी करोनाला रोखलेही. माणसांवरील मोठ्या चाचणीत मात्र त्यांचा काही लाभ दिसला नाही. एक कारण असे की, त्या विषाणूला आम्लाशिवायही एक वाट आहे : श्वासमार्गातील पेशींच्या पृष्ठभागावरचेच एक प्रथिन त्याचा काटा कापून खिट्टी काढून देते. बशीतल्या पेशींत ते प्रथिन नव्हते. बशीतला विजय हा बशीपुरता असतो, हे त्या वेळी अनेक शहाण्यांनाही पटत नव्हते.

साबणाचे मात्र तसे नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाकडे ओढ घेते, दुसरे पाण्याकडे. विषाणूचे आवरण मेदाचेच असल्याने साबण त्यात घुसून ते विस्कटतो. मग सापळा, खिट्टी, बोटे, सारेच पाण्यावर तरंगू लागते. पण हे हातावरच्या, कपड्यावरच्या विषाणूचे. गोचिडीच्या लाळेतून एकदा कातडीत उतरलेल्या विषाणूपर्यंत साबण पोचत नाही, याविषयी गैरसमज नको.

म्हणून काजूच्या बागेपुरते पाहिले तर पेशीच्या दारापेक्षा घोट्याचे दार राखणे सोपे. पाचोळ्यात उतरताना पाय झाकणारे कपडे घालून त्यांची टोके मोज्यांत खोचावी. आरोग्य केंद्रातून गोचिडी दूर ठेवणारे तेल मिळते ते उघड्या कातडीला लावावे. घरी येताच गरम पाण्याने साबण लावून स्नान करावे आणि काखा, जांघा, गुडघ्यांच्या लवणी, कानांच्या मागची जागा दुसऱ्या कोणाकडून तरी पाहून घ्यावी. पिल्ले इतकी बारीक असतात की तीळ समजून नजर पुढे जाते. गोचीड सापडल्यास बोटांनी चिरडू नये, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. अंगावरचे कपडे गरम पाण्यात भिजवावे. बागेत माकड मरून पडलेले दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य खात्यास कळवावे. मेलेल्या माकडाचे अंग थंड पडले की त्याच्यावरील गोचिडी नवे अंग शोधीत पाचोळ्यात उतरतात. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला लागल्याचे आढळलेले नाही, तेव्हा आजाऱ्याची शुश्रूषा भीती न बाळगता करावी. आणि मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे असे झाले, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की बागेत किंवा रानात जाणे झाले होते. रक्तात विषाणू सापडतो तो तापाच्या पहिल्या काही दिवसांत. नमुना तेव्हाच गेला पाहिजे.